अर्धा जबाब

वटार,
रविवार, दुपार

प्रिय सुधाकर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र उघडशील की तसंच फळीवर ठेवून देशील, मला माहीत नाही. सफाळ्याला तू ज्या बहिणीकडे राहतोस तिचा फोन नंबर मला मिळाला होता. पण फोनवर मी रडले असते, आणि तू "जाऊ दे, जुली" म्हणून मोकळा झाला असतास. चौथीत मी तुझी पाटी फोडली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. या वेळी मला ते ऐकायचं नाही. म्हणून लिहिते आहे. सगळं वाचून झाल्याशिवाय काही ठरवू नकोस.

आधी इथलं सांगते. तुझी शेड अजून तशीच आहे. पत्रे वाकलेले, दाराला कुणीतरी सुतळी बांधली आहे. आत दुरुस्तीला आलेल्या दोन मोटारी अजून पडून आहेत. ज्यांच्या आहेत ते न्यायला येत नाहीत, लाज वाटत असावी. वाडीतला पंप बिघडला की आता नालासोपाऱ्याहून माणूस येतो, चार चार दिवस लावतो, तोवर केळी माना टाकतात. फ्रान्सिस जाऊन मी विधवा झाले त्या वर्षी तू रोज पहाटे येऊन माझा पंप चालू करून जायचास, न सांगता. मला कळायचं ते पाटात पाणी आलेलं बघून. मी कधी आभार मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

जिजाकाकीचं घर बंद आहे. तिची सून रीमा आता वसईत एव्हरशाईनला भाड्याने राहते, क्लिनिकमधली नोकरी तिने सोडली नाही. नाक्यावर गावाने कॅमेरे लावले. भाडोत्र्यांची कागदपत्रं तपासायला कमिटी केली. ऑस्करने तर त्याच्या खोल्यांतली तिन्ही बिहारी कुटुंबं आठवड्यात काढली, त्यांचा या सगळ्याशी काय संबंध होता देव जाणे. आणि मनवाचा फोटो असलेला एक मोठा बॅनर वर्षभर तलावाशी उभा होता, भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलेला. खाली समस्त ग्रामस्थांची नावं. तुझी शेड ज्यांनी फोडली त्यांचीही त्यातच. मी रोज चर्चला मिस्साला जाताना तो बॅनर बघत असे. माझं नाव तिसऱ्या ओळीत होतं.

त्या मंगळवारी संध्याकाळपासून शुक्रवारपर्यंत तू आत होतास. बाहेर काय चाललं होतं हे तुला कुणीच नीट सांगितलं नसेल. मी सांगते.

रीमा सात वाजता कामावरून आली आणि तिची किंकाळी माझ्या वाडीपर्यंत आली. जिजाकाकी मधल्या खोलीत पडली होती, डोकं फुटलेलं, हातांतल्या पाटल्या ओढून काढलेल्या. आणि रीमाची सात वर्षांची मनवा घरात नव्हती. पुढच्या अर्ध्या तासात सगळं गाव रस्त्यावर होतं. फादरांनी चर्चची घंटा वाजवायला लावली, देवळाच्या लाऊडस्पीकरवरून मनवाचं नाव पुकारलं गेलं. बॅटऱ्या घेऊन माणसं वाड्यांतून शिरली. काकीच्या घरामागच्या बावखलात, त्या तळ्याच्या गढूळ पाण्यात, पहिली उडी तूच घेतलीस, कपड्यांसकट. तू बुडी मारून वर यायचास आणि मान हलवायचास. रीमा काठावर बसून तुझ्याकडे बघत होती. मीही बघत होते.

मग पोलिसांनी विचारायला सुरुवात केली की मुलीला शेवटचं कुणी पाहिलं. मी पुढे झाले. म्हटलं, चारच्या सुमाराला मी वाडीतली फुलं व्यापाऱ्याला देऊन परत येत होते, तेव्हा मनवा सुधाकरच्या शेडमध्ये बसलेली दिसली. साहेबांनी विचारलं, त्यानंतर? मी म्हटलं, त्यानंतर नाही पाहिली.

एवढंच मी बोलले. पण ते बोलताना माझ्या आजूबाजूला काय झालं ते मी पाहिलं, सुधाकर.  माणसं वळून बावखलाकडे बघायला लागली. एकटा राहणारा माणूस. लग्न नाही केलं. पोरं सायकलीत हवा भरायला त्याच्याकडेच जातात. हे सगळं गाव वर्षानुवर्षं जाणून होतं आणि त्यात कुणाला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्या पाच मिनिटांत दिसायला लागलं. तू पाण्यातून बाहेर आलास तेव्हा तुला धरायला माणसं उभी होती. पोलिसांनी गाडीत घालेपर्यंत तुझा हात मोडला होता. तू फक्त एवढंच म्हणत होतास, "अरे, विहीर बघायची राहिलीय."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तीन ठिकाणी पंप लावून बावखलं उपसली. त्यातला एक पंप तू दुरुस्त केलेला होता. आम्ही बायकांनी चर्चच्या हॉलमध्ये चहा-नाश्ता करून शोधणाऱ्यांना पुरवला. शेजारची रोझी, मी, सगळ्या. जे लोक एरवी बांधावरून एकमेकांशी बोलत नाहीत ते एका ताटात जेवले. मला त्या दिवशी आपल्या गावाचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते. दुपारी अकरा-बारा जण तुझ्या शेडवर गेले. पहिला दगड मितेशने मारला. काकीच्या भावाचा मुलगा, नालासोपाऱ्याला राहणारा. आत्या म्हणून काकीच्या गळ्यात पडणारा नव्हता कधी, पण ती गेली म्हणून त्याचं रडणं बघून सगळ्यांना भरून आलं होतं. चिखलात कमरेपर्यंत उतरून तो मनवाला हाका मारत होता.

पुढचं तुला पेपरात वाचून माहीत आहे. शुक्रवारी तो नालासोपाऱ्यातल्या एका सोनाराकडे काकीच्या पाटल्या मोडायला गेला, सोनाराला संशय आला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं. मंगळवारी तो सोनं मागायला आला होता, काकीने नाही म्हटलं, तसं त्याने तिचं डोकं फोडलं आणि पाटल्या ओढल्या. मनवाने त्याला घरातून निघताना पाहिलं. आजीला दवाखान्यात नेलंय असं सांगून त्याने तिला मोटरसायकलवर बसवलं आणि अर्धवट बांधून पडलेल्या एका इमारतीतल्या खोलीत कोंडलं. मारायचं धाडस झालं नाही म्हणे. नुसतं कुलूप लावलं आणि आपल्याबरोबर तिला शोधायला आला. पोलिसांनी कुलूप तोडलं तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टरांनी लिहिलं की गुरुवारी सकाळी कधीतरी गेली. पाणी नव्हतं तिथे, खोली भट्टीसारखी तापलेली.

गुरुवारी सकाळी. म्हणजे बुधवारी ती जिवंत होती. हे तू लक्षात ठेव आणि पुढचं वाच.

मी मनवाला चारला तुझ्या शेडमध्ये पाहिलं हे खरं. पण सव्वाचारला मी तिला पुन्हा पाहिलं. माझ्या ग्लेनच्या स्कूटरवर, पुढे उभी. तो बेकरीत पाव आणायला निघाला होता, तिने हट्ट केला, तूच तिला उचलून त्याच्या स्कूटरवर ठेवलंस. तू हे पोलिसांना सांगितलंस, तेही मला नंतर कळलं. तू कोठडीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिलास की पोरगी ग्लेनबरोबर गेली, त्याला विचारा. पोलीस बुधवारी सकाळी माझ्या दारात आले. ग्लेन आंघोळीला गेला होता. मी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, माझा मुलगा काल दुपारभर घरात बॅग भरत होता, सुधाकर स्वतःला वाचवायला वाटेल ते बोलतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या क्रूसाकडे बघितलं, आणि गेले.

ग्लेनचं गुरुवारचं विमान होतं. जहाजावरची नोकरी, तीन वर्षं धडपड करून मिळालेली. शेवटची त्याच्याबरोबर दिसली असं एकदा कागदावर आलं की पासपोर्ट जमा, नोकरी गेली, आणि जी माणसं तुझ्यावर धावली ती त्याच्यावर धावली असती. मी आई म्हणून एवढाच विचार केला. दोन दिवस, मग तो समुद्रावर, मग सुधाकर निर्दोष आहे हे आपोआप कळेलच. असं मी स्वतःला सांगितलं.

पण एवढंच असतं तर मी कदाचित गप्प राहून मेलेही असते. सुधाकर, ग्लेनने तिला पावणेपाचला काकीच्या फाटकाशी सोडलं. काकी ओटीवर होती. तिने त्याला हाक मारली, "ग्लेन, बाबा, पानी पिऊन जा." आणि ओटीवर मितेश बसला होता, हातात चहाची बशी.

मंगळवारी रात्री मी ग्लेनला घराबाहेर पडू दिलं नव्हतं; बुधवारी पोलीस गेल्यावर त्याने मला हे सांगितलं. "मम्मी, काल मितेश तिथे होता, सांगूया ना." मी म्हटलं, नातेवाईक आहे, आला असेल, त्याने स्वतःच सांगितलं असेल पोलिसांना. तू तुझी बॅग भर. मग मी हॉलमध्ये चहा द्यायला गेले. मितेश चिखलाने माखलेला पायरीवर बसला होता. मी त्याच्या पेल्यात चहा ओतत असताना तो बाजूच्या माणसाला म्हणाला, "चार महिने इकडे फिरकलो नाय ओ. काल आठला फोन आला तेव्हा धावत आलो."

मी ऐकलं. नीट ऐकलं. माझा हात थांबला, चहा त्याच्या बोटांवर सांडला, त्याने वर बघून "असू दे, आन्टी" म्हटलं. तेव्हा बुधवारचे साडेदहा वाजले होते. पोलिसांची गाडी हॉलच्या फाटकाशी उभी होती. वीस पावलं असतील. मी किटली घेऊन पुढच्या माणसाकडे गेले.

मला तेव्हा खरंच कळलं होतं का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तरावर विश्वास राहिलेला नाही. पण चहा सांडला होता. न कळता हात थांबत नाही.

कन्फेशनला मी तीनदा गेले. फादर म्हणाले, देव क्षमा करेल, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे तुम्हालाच जावं लागेल. तुझ्याकडे यायचं धैर्य झालं नाही. तू सुटून आलास, चार दिवस घराबाहेर पडला नाहीस, मग एका सकाळी मोडका हात गळ्यात बांधून एसटी पकडलीस. मी खिडकीतून पाहिलं. गावातून कुणीही तुझ्याबरोबर स्टॉपपर्यंत आलं नाही.

आता दीड वर्षाने खटला उभा राहिला आहे आणि मला समन्स आलं आहे. मितेशने कबुली मागे घेतली. पाटल्या आत्याने आपणच दिल्या, पोलिसांनी मारून कबूल करवलं, असं तो म्हणतो. आणि त्याच्या वकिलाचं सगळं बोलणं एका कागदावर उभं आहे, माझ्या जबाबावर. मुलगी शेवटची सुधाकरच्या शेडमध्ये दिसली, त्यानंतर कुणी पाहिली नाही. साक्षीदार जुलियाना. सरकारी वकील मला धीर देत म्हणाले, "बाई, घाबरू नका, जे लिहिलंय तेवढंच बोला." मी घरी येऊन ग्लेनला फोन लावला आणि म्हटलं, ये.  तो म्हणाला, "मी वाटच बघत होतो, मम्मी." तो अकरा तारखेला पोचतोय.

काल मी एव्हरशाईनला रीमाकडे गेले. तिला सगळं सांगितलं, चहाच्या किटलीसकट. ती उभीच होती, बसली नाही, मलाही बसायला सांगितलं नाही. मग तिने विचारलं, "सुधाकरकाकांना सांगितलंत?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग माझ्याकडे आधी का आलात? मला माझं दुःख तरी लोकांनी करू दिलं. त्यांना तुम्ही तेही करू दिलं नाही. जा, त्यांना कळवा." आणि तिने दार उघडून धरलं. म्हणून आज हे पत्र. चौदा तारखेला, वसईच्या कोर्टात, अकरा वाजता, मी आधीचा जबाब खोटा होता असं सांगणार आहे आणि खरं काय ते सांगणार आहे. त्यासाठी मला शिक्षा झाली तर मी ती भोगेन. हे सगळ्या गावाच्या आधी तुला कळावं, दुसऱ्याच्या तोंडून नव्हे तर माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं. क्षमा मागत नाही. तू आलास तर तुझ्यासमोर बोलेन. नाही आलास तरी हेच बोलेन.

तुझ्याच वर्गातली,
जुलियाना