चतुर्थीची भरती तीनला

बाबा, खाडीकाठच्या ज्या मोकळ्या जागेपाशी तुम्ही मला न्यायचात, तिथे आता डंपर येतात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तुम्हाला कळवून काय होणार म्हणा. पण दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर तो विचारेल, सही कुणाची होती?

मरोळच्या कारखान्याला सुट्टी असली की तुम्ही सकाळी कपबशी हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभे राहायचात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला पाढ्यांबरोबरच शिकवलंत. चतुर्थी असली की तीन. मग ती वेळ धरून आपण नाहूरहून चालत निघायचो. ओहोटीला पक्षी लांब चिखलावर पांगलेले असायचे, डोळ्यांना दिसायचेही नाहीत. पाणी चढलं की सगळे, चिखल्या, तुतारी, त्या एवढ्याशा उंचवट्यावर येऊन अंग चोरून बसायचे. एकदा मी गंमत म्हणून दगड भिरकावला. सगळा थवा उठला. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी हात उगारलात. "भरती उतरता तवसर त्येंका बसाक दुसरी जागा खंय आसा गो?" पक्षी परत बसेपर्यंत तुम्ही मला तिथून हलू दिलं नाहीत.

मी आता अंधेरीच्या एका ऑफिसात जागांचे पाहणी अहवाल लिहिते. गेल्या थंडीत नेमकी तीच जागा माझ्या वाट्याला आली. तिथे भराव घालून गोदाम बांधायचं होतं. ऑफिसची गाडी बारापर्यंतच होती, म्हणून आम्ही सकाळी नऊलाच पोचलो. उंचवटा रिकामा. "लिही ना पटकन," साहेब म्हणाले, "एक तरी पक्षी आहे का इथे?" नव्हता. मी लिहिलं, पक्षी आढळले नाहीत, आणि खाली सही केली. त्यात खोटं एक अक्षरही नाही.

नंतर झोप उडाली, तेव्हा फेरपाहणीसाठी अर्ज केला. साहेबांनी तो वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. "आता कशाला गं? कागद पुढे गेले."

परवा भरतीच्या वेळी गेले होते. उंचवट्यावर डेब्रिज ओतणं चालू होतं आणि थवा वर घिरट्या घालत होता. खाली येई, पुन्हा उठे. डंपरवाल्याला म्हटलं, "दादा, पाणी उतरेपर्यंत थांबता का?" "मला कशाला सांगता मॅडम? साहेब लोकांशी बोला ना." बोलून झालंय माझं. मी बांधावर नुसती उभी राहिले. पाणी उतरायला खूप वेळ लागतो, बाबा.

हे पत्र कुठे टाकणार मी? कॅलेंडरमागे खोचून ठेवेन. पण एक सांगायचं राहिलं. अर्जात मी लिहिलं होतं, की पाहणीच्या दिवशी भरतीची वेळ ध्यानात आली नाही. त्या दिवशी संकष्टी होती. माझा उपवास होता. त्याच बांधावर बसून मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आणि खाता खाता मनात पाऊणपट झालीच होती. साहेबांशी वाद घालायचा कंटाळा आला, एवढंच.