माझ्या भावाला काहीही मिळू नये

मी, आर्चिबाल्ड जेम्स गॅल्ब्रेथ, वय वर्षे सदतीस, मूळ राहणार बालकॅरन, स्कॉटलंड, हल्ली राहणार थॉर्नबॉटम, लँकेशायर, पूर्वीचा धंदा कापड रंगवणे, नंतरचा फुटबॉल, आता 'पितळी घंटा' या पबचा मालक, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते माझ्या फुप्फुसांना हा हिवाळा झेपणार नाही. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही, तेव्हा ते ठिकाणावर आहे असे धरावे. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. असे मृत्युपत्र नाहीच, पण पिकर्सगिल वकील म्हणतात, हे वाक्य हवे.

कलम पहिले. पब, वरच्या खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी एल्स्पेथ हिची. यात कोणी नाक खुपसू नये. इथल्या क्लबाने मला आणले तेव्हा खेळाचे पैसे उघड देता येत नव्हते, म्हणून कागदोपत्री गिरणीत गोदामरक्षक म्हणून लावले होते. त्या गोदामाचे दार कोणत्या बाजूला आहे, मला अजून ठाऊक नाही. एल्स्पेथ मात्र त्याच गिरणीत खरोखर राबत होती. या घरातला खरा पगार तिचाच.

कलम दुसरे. माझ्या डाव्या नडगीचे पॅड सॅम्युअल बार्ड्सली याला द्यावे. १८९१ साली त्याने त्याच पायावर लाथ घालून माझा खेळ संपवला. पॅडवर खूण आहे, ती त्याने आपल्या बुटाशी जुळवून बघावी. त्याच्यावर माझा राग नाही असे पाद्रीबाबांना सांगितले आहे. ते खोटे आहे.

कलम तिसरे. माझे बूट क्लबाला द्यावेत, पण काचेच्या कपाटात ठेवू नयेत. ज्याच्या पायात बसतील त्याने घालून चिखलात उतरावे. आम्ही स्कॉटिश पोरे इथे आलो तेव्हा हे लोक मान खाली घालून चेंडू घेऊन पळायचे आणि आपटायचे. जोडीदार कुठे आहे ते बघून चेंडू त्याच्याकडे द्यायचा, हे आम्ही त्यांना शिकवले. मी ते माझा थोरला भाऊ नील याच्याबरोबर बालकॅरनच्या वाळवणाच्या मैदानात, लाल कापडांच्या रांगांमधून शिकलो. माझ्यासारखा डावा विंगर त्या खोऱ्यात दुसरा झाला नाही. हे मी एकटाच म्हणत नाही.

कलम चौथे. "याची कायद्याला गरज नाही," असे वकिलांनी सांगून पाहिले. मला आहे.

१८८४ साली आमच्याकडे पैसे घेऊन खेळणे म्हणजे चोरीहून वाईट. इंग्लंडहून खेळाडू फोडायला दलाल येत आणि गावकरी त्यांना नदीत बुचकळून काढत. आमच्याकडचा दलाल कापडाचा व्यापारी बनून आला. आईने त्याला चहा दिला, आमच्या कारखान्यातले लाल कापड हातात ठेवले आणि विचारले, "हा रंग किती धुण्यांत जाईल हो?"

तो म्हणाला, "पाच-सहा."

तो रंग जन्मात जात नाही. आईने शेजारणींना हाक मारली, "या गं सगळ्या, पाहुण्यांना आंघोळ घालायचीय."

निथळणारा दलाल पुढच्या स्टेशनावर गाडीत चढला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो. नील तिथवर चालत आला होता. म्हणाला, "खोट्या नावाने खेळ, आर्ची. सगळे तसंच करतात. खरं नाव छापून आलं की बंदीच्या यादीत गेलास. मग स्कॉटलंडकडून खेळायचं विसर."

पाच सामने मी जॉन स्मिथ होतो. सहाव्यात तीन गोल केले. वर्तमानपत्राचा माणूस वही काढून म्हणाला, "तिन्ही स्मिथचेच ना?" त्या स्मिथला माझे गोल मिळालेले मला बघवेना. मी म्हणालो, "गॅल्ब्रेथ लिहा. आर्चिबाल्ड गॅल्ब्रेथ, बालकॅरन."

पंधरा दिवसांत बंदीची यादी आमच्या चर्चच्या फाटकावर चिकटली. नील गावच्या क्लबाच्या समितीवर होता. त्यानेच माझे नाव कळवले, असे मी आईला लिहिले, आणि भेटेल त्याला सांगत सुटलो. आई पुढची सहा वर्षे जगली. त्याच्या घरी एकदाही जेवली नाही.

पुढच्या मार्चात वेल्सविरुद्ध स्कॉटलंडच्या डाव्या विंगला नीलला घेतले. देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती मखमली टोपी घेऊन तो इथे आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ही जागा तुझी होती." मी त्याला जिन्यावरून हाकलले, सगळ्यांदेखत चुगलखोर म्हणालो. टोपी मात्र ठेवून घेतली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

नीलने माझे नाव कोणाला दिले नाही. मी दिले. हे कलम बालकॅरनच्या त्याच फाटकावर महिनाभर चिकटवून ठेवावे.

कलम पाचवे. मखमली टोपी माझा भाऊ नील यास. (हे कलम खोडले आहे. कारण पुढे.)

वकिलांना मी म्हणालो, "साक्षीदार नील हवा."

ते म्हणाले, "ज्याला काही ठेवलंत त्याने साक्ष केली, तर त्याचा वाटा बुडतो. दोन्ही जमायचं नाही."

"साक्षीदाराला खोलीत यावंच लागतं?"

"यावं लागतं. तुम्ही सही करताना समोर उभं राहावं लागतं."

"मग खोडा."

सबब, माझा भाऊ नील गॅल्ब्रेथ याला माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये. टोपी त्याची मुलगी मॅरियन हिला द्यावी. तिने ती बाप जेवायला बसतो त्या टेबलासमोर टांगावी.

एल्स्पेथने त्याला पत्र लिहिले ते असे: "भावाने तुमच्यासाठी काही ठेवलेले नाही. या."

कलम सहावे, आज लिहिलेले. नील आला आहे. खिडकीशी उभा आहे, बसत नाही. वकिलांनी त्याला चौथे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझं नाव छापलेलं ते कात्रण अजून आहे माझ्याकडे."

"मग आईला का नाही दाखवलंस?"

"तिला कोणावर तरी रागवायचं होतं, आर्ची. तू लांब होतास. मी रोज समोर होतो."

मला लाज वाटते, एवढे नोंदवावे. आता सही करतो, तो बघतो आहे.

मुक्काम थॉर्नबॉटम, शनिवार, १४ ऑक्टोबर १८९९.

सही: आर्चिबाल्ड जेम्स गॅल्ब्रेथ

साक्षीदार: जोनास एन्टविसल, मैदानाचा राखणदार, थॉर्नबॉटम.

साक्षीदार: नील गॅल्ब्रेथ, कापडरंगारी, बालकॅरन. यातले मला काही मिळणार नाही, हे वाचले. चौथे कलम फाटकावर लावू देणार नाही. बाकी मान्य.