यादीतलं शेवटचं घर

कोल्हापूर, १८ जून २०२४

ती. सौ. क्रांतीताईस,
विजयसिंहचा सा. न. वि. वि.

फोन मी दोन मिनिटांत आटोपतो अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. आपल्याच तालुक्याचा आपत्ती कक्ष माझ्याकडे आला. तलाठी म्हणून सातबारे लिहिणारा मी पुराच्या पाण्यात कसा उतरलो, माझं मलाच कळलं नाही. एकोणीसच्या पुरात बोट दारात लावली तरी लोक म्हैस सोडून येईनात. आधी दावण हलवा, माणूस मागोमाग येतो, असं टिपण मी वर पाठवलं. मग पुण्याला प्रशिक्षण, मग मंडळ अधिकारी, आणि आता हे.

गावाची यादी मी स्वतः केली. पुरात कोणतं घर आधी हलवायचं, कुणाची किती जनावरं, ट्रॉली कुणाची. आपलं घर मुद्दाम शेवटी घातलंय. नाहीतर गाव म्हणायचं, सायबानं आदी सोताची दावण हालवली. आबांनाही ते पटलं.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या लोभावर माझा हक्क आहेच, तो राहू दे.

तुझा,
विजयसिंह

चंदगड, २७ जून

चि. विजयसिंह यास,
अनेक आशीर्वाद.

रंकाळ्याच्या पायरीवर पाय बुडवायला रडणारा तू, आता तालुक्याला पुरातून काढणार. ऐकून ऊर भरून आला, हसूही आलं.

पण आईचं काय? तिला धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही. तुमच्या नियमात आजारी माणूस आधी ना? आबांना पटलं म्हणू नकोस, त्यांना घर सोडायचंच नाही. तू सरळ आहेस हे गावाला ठाऊक आहे, ते आईच्या जिवावर दाखवायला नको. खालच्या अंगाला बायडाबाई एकटी असते. तीही आईला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

काजू पाठवते. उत्तर धाड, माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

कोल्हापूर, ११ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वाचलं होतं आणि फायलीखाली सारलं होतं. खोटं कशाला लिहू?

पूर आला त्या दिवशी सकाळपासून तीन वेळा दवंडी दिली. ट्रॉल्या चावडीपुढे उभ्या होत्या. पंधरा घरं निघाली, बाकीचे बसून राहिले. दुपारी रस्त्यावर पाणी आलं. मग बोटीने आई-आबांसकट सगळे काढले, बायडाबाई सोडून. तिचं प्रेत दोन दिवसांनी सापडलं.

लोक का हलले नाहीत, हे नंतर गुंडू कोतवालाने सांगितलं. सगळ्यांचं लक्ष आबांच्या गोठ्याकडे होतं म्हणे. सायबाची म्हस दावणीला हाय तवर काय भ्या न्हाय, असं जो तो सांगत होता. बायडाबाई दोनदा कोपऱ्यापर्यंत आली. सोप्यात आई तांदूळ निवडताना दिसली, म्हणून माघारी गेली.

पंधरा ऑगस्टला मला प्रशस्तिपत्र आहे, स्वतःचं कुटुंब शेवटी हलवल्याबद्दल. घ्यायची लाज वाटते, नको म्हणायची हिंमत नाही. बदलीचा अर्ज दिलाय. आई माझ्याशी बोलत नाही. तू तरी दोन ओळी लिही.

विजयसिंह

चंदगड, २० ऑगस्ट

चि. विजयसिंह यास,
आशीर्वाद.

आईला इकडे आणलंय. प्रशस्तिपत्र तू घेतलंस, हे पेपरात पाहिलं. आईला दाखवलं नाही.

काल ती पहिल्यांदा बोलली. तिने तुला यादी दुरुस्त करायला सांगितलंय. पहिलं नाव तिचं लिही. पुढच्या वर्षी तिला खुर्चीत बसवून, भर दिवसा, चावडीपुढनं न्यायचं, सगळ्यांनी बघितलं पाहिजे. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. ती म्हणाली, औंदा एवढं केलं असतं तर बायडा माझ्या मागनं आली असती की.

अर्ज मागे घे. ती यादी दुसऱ्या कुणी दुरुस्त करायची नाही.

लोभ आहेच. काही दिवस तो मागू मात्र नकोस.

ताई