ठकीला आत ठेवा

४ जानेवारी, सोमवार
अंडं चालत होतं! म्हणजे अंड्यावर काहीतरी चालत होतं. आधी वाटलं धूळ. चष्मा लावला तर धुळीला पाय! थोरलीला उचललं, शेपटीखाली फुंकर मारली — पिसांच्या बुडाशी नुसती वळवळ. तिचा तुरा गेले आठ दिवस पांढरट दिसतोय आणि मी आपली म्हणतेय, कोंबडीचं वय झालं. आता माझ्याही अंगाला खाज सुटली आहे. हे म्हणाले, मनाचे खेळ. म्हणताना स्वतः दाराच्या चौकटीला पाठ घासत होते.

५ जानेवारी
थोरलीला कापडी पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी पिसवा म्हणाले, ते म्हणाले माइट. रक्त पितात. असंच राहिलं तर थोरली महिना काढणार नाही, मागोमाग बाकीच्या चौघी. पावडर दिली. पंखाखाली, शेपटीखाली आणि खुराड्याच्या फटीफटीत टाकायची. पेंढा जाळायचा. हातमोजे आणि मास्क. आठ दिवसांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी त्या किड्यांची अंडी मरत नाहीत. दोनदा केलं की संपलं.

मग विचारलं, घरात आणखी काय काय आहे? म्हटलं, एक कुत्रा आणि एक नवरा. कुत्र्याला धूळ खाली बसेपर्यंत लांब ठेवा म्हणाले. मांजर नाही ना?

मी नाही म्हणाले. मग राहवेना. म्हटलं, आमचं नाही, पण येतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुत्र्याला चालतं ते मांजराला विष, म्हणाले. अंगाला लागलं, त्याने चाटलं, की झटके येतात. जीवही जातो. "दोन दिवस ते मांजर तुमच्या आवारात येता कामा नये. ज्यांचं आहे त्यांना आजच सांगा."

त्यांना! आजच!

६ जानेवारी
ते मांजर, ठकी, जाऊबाईंची. भिंतीपलीकडे राहतात, थोरल्या दिरांचं घर. चार वर्षं बोलणं नाही. कारण सासूबाईंचं लोखंडी कपाट. त्या म्हणाल्या मला, मी म्हणाले मला, आणि शेवटी ते दोघींच्याही दारातून आत जाईना. कपाट गेलं नणंदेकडे, अबोला राहिला आमच्याकडे. भाऊभाऊ रोज कोपऱ्यावर एकत्र चहा पितात, त्यांचं काही बिघडलं नाही. ठकीचंही नाही. दुपारी ऊन आलं की ती भिंतीवरून उतरते आणि आमच्या खुराड्यावर पसरते. कोंबड्या धुळीत लोळतात तिथेच जाऊन लोळते.

यांना म्हटलं, दादांना सांगा. गेले, चहा पिऊन आले. विसरले! वर मलाच म्हणतात, सरळ जाऊन सांग की.

सरळ जाऊन! मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या. पण चार वर्षांनी दार वाजवायचं आणि पहिलं वाक्य काय, तर तुमच्या मांजरीला आत घ्या?

थोरलीने आज दाण्याला तोंड लावलं नाही.

७ जानेवारी
केलं. साहेबाला (आमचा कुत्रा — नुसतं नाव) भिंतीपाशी बसवलं आणि एक्स्चेंजच्या आवाजात त्याला सांगितलं. साहेब, उद्या सकाळी कोंबड्यांना पावडर लावणार हो! ती पावडर मांजरांना विष! कोणाची मांजर असेल त्यांनी दोन दिवस आत ठेवावी! साहेबाने कान पाडले. बिचाऱ्याला वाटलं, त्याचंच काही चुकलं.

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला. मग जाऊबाईंचा आवाज, अगदी गोड —

"ठकी, ऐकलंस का? दोन दिवस घरात बसायचं. लोक काळजी करतात तुझी."

लोक! चार वर्षांत मला मिळालेला पहिला शब्द.

८ जानेवारी
पाचही कोंबड्या झाल्या. यांनी धरायच्या, मी लावायची असं ठरलं होतं. यांनी एक धरली, चार सुटल्या. मास्क, मोजे, डोक्याला फडकं — शेजारची मुलं बघायला जमली. साहेब बाथरूममध्ये कोंडलेला, तिथून रडगाणं. अंडी आठवडाभर फेकायची असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, हे हळहळतायत.

दर तासाला भिंतीकडे बघून आले. ठकी नाही. खिडकीच्या काचेआड बसून मला शिव्या देत होती.

१० जानेवारी
दोन दिवस झाले. साहेबाला म्हटलं, साहेब, खुराडं धुतलं, जमीन खरवडली, आता मांजरांना हरकत नाही! पलीकडून: ठकी, थोरली कशी आहे म्हणे?

साहेब, थोरलीने आज दाणे खाल्ले!

ठकी, बरं झालं गं बाई.

हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, तुम्हा दोघींना दवाखान्यात दाखवायला हवं, त्याच डॉक्टरांकडे.

१६ जानेवारी
दुसरी पावडर. आदल्या दिवशी साहेबाला बोलवावं लागलं नाही, तोच भिंतीपाशी जाऊन बसला. थोरलीचा तुरा लाल झालाय. फुंकर मारून बघितलं, चष्मा लावून, पुसून पुन्हा लावून. एकही किडा नाही. सुटलो!

१९ जानेवारी
ठकी खुराड्यावर. थोरली अंड्यावर. सगळं ठीक.

साहेबाला सांगायला काही नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येतो, थांबत नाही. मला जाऊबाईंची आठवण येते. भिंतीपलीकडे असलेल्या माणसाची! लिहून टाकलं, आता खोडणार नाही.

२२ जानेवारी
साहेब, उद्या तिसरा डोस!

तोंडातून निघून गेलं. पलीकडून: ठकी, असू दे हो, राहू आपण आत.

२३ जानेवारी
खोटं बोललं की निस्तरावं लागतं. आंघोळीनंतर मी अंगाला लावते त्या वासाच्या पावडरचा डबा घेतला, मास्क घातला, मोजे घातले आणि पाचही कोंबड्यांना लावली. पूर्ण डबा. कोंबड्या अशा घमघमतायत की जणू लग्नाला निघाल्यात. साहेब शिंकतोय.

पलीकडून: ठकी, या वेळच्या औषधाला वास छान येतोय गं.

२५ जानेवारी
थोरलीला डॉक्टरांना दाखवून आणलं. खडखडीत बरी. त्यांनी पिसांचा वास घेऊन बघितला. निघताना म्हणाले, तुमच्या जाऊबाई फार काळजीवाल्या आहेत हं. सात तारखेलाच फोन केला होता. मांजरीला किती जपायचं, कोंबड्यांना औषध किती वेळा — सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, दोनदा. तिसऱ्यांदा लागतच नाही.

पिशवीतली थोरलीसुद्धा माझ्याकडे बघत होती. घरी आले ती मागच्या दाराने. आता कुठल्या तोंडाने भिंतीपाशी जाऊ?

२६ जानेवारी
सकाळी बेल वाजली. भिंतीकडून नाही, दारातून. जाऊबाई. काखेत ठकी, हातात अंगाला लावायच्या पावडरचा नवा डबा.

"तुझा संपला असेल ना? चौथा डोस कधी आहे?"