गोदाची हजेरी

पोखर्णी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

वैदेही,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील. काकांना माझा नमस्कार सांगू नको, माझं नाव ऐकलं की त्यांना ठसका लागतो. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढत नाही.

सध्या गोविंदमामाकडं आहे. मामा म्हणाले, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आता बाजेवर लोळण्यापेक्षा शाळेत जा. मास्तर कमी हायत." म्हणून दुसरीच्या वर्गात राजेश्रीमॅडमच्या हाताखाली लागलोय. आपण डी.एड.ला वह्या भरभरून पाठ लिहिले, पण वर्ग म्हणजे काय ते मला इथं कळायलंय.

मॅडमची हजेरी ऐक. "हजर" म्हणायचंच नाही. नाव पुकारलं की शाळेला येताना काय बघितलं ते सांगायचं. "मॅडम, देवळामागं माकडीण पिलाला मारायलती!" "मॅडम, आमची म्हस रस्त्यात बसली, एसटी थांबली!" मग दिवसभर तेच. म्हशीवर वाचन, एसटीत खोळंबलेल्या माणसांवर गणित. मी लय वेळा काम विसरून नुसता बघत राहतो.

गोदा नावाची पोरगी आखाड्यावरून, शेतातल्या घरून येते. ती बोलत नाही. नाव आलं की उठून टेबलावर काहीतरी ठेवते. तुरीचं फूल, साळुंकीचं पीस. मॅडम ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघतात, म्हणतात, "आली गं आमची गोदा," आणि पुढचं नाव घेतात. घाई नाही, कीव नाही.

गेल्या बुधवारी मॅडम प्रशिक्षणाला परभणीला गेल्या. हजेरी माझ्याकडं आली. गोदानं कापसाचं बोंड ठेवलं. मला वाटलं, आज हिला बोलकं करून मॅडमला दाखवावं.

"तोंडानं सांग."

तिनं बोंड माझ्याकडं सरकवलं.

"सांगितल्याबगर बसायचं न्हाई!"

माझा आवाज कुठं गेला असेल ते तुला सांगायला नको. पोरं खिदळली. तिनं बोंड उचललं, दप्तर घेतलं आणि गेली. त्यानंतर आलीच नाही.

काल मॅडम परत आल्या. झापतील म्हणून मी तयारीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "अवधूत, ओढून काढलेलं उत्तर तुमचं होतं. तिचं राहत न्हाई. उद्या आखाड्यावर जावा. चल म्हणू नका. नुसतं तिच्या वाटेनं चालत या."

आज सकाळी गेलो. तिची आई म्हणाली, "सर, ती येत न्हाई म्हणायली."

"असू द्या," म्हणालो आणि परत निघालो. ओढ्याच्या अलीकडं मागं पावलं वाजली. वळून बघायचं लय मन झालं. बघितलं नाही. बांधावरच्या बोरीपाशी गोदा पुढं आली आणि तिनं एक दगड उलटला. खाली मुंग्या अंडी घेऊन पळत होत्या. दोघं बघत बसलो. उशीर झाला.

मॅडमनी हजेरी थांबवून ठेवली होती. गोदाचं नाव आलं. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं माझी बाही धरली आणि मला टेबलापाशी नेऊन उभं केलं. मॅडमनी मला सगळ्या बाजूंनी बघितलं.

"आली गं आमची गोदा."

वैदेही, मी सगळ्यांना सांगतो की सरांशी भांडून कॉलेज सोडलं. तसं नाही. गेटवर, सगळ्या वर्गासमोर, "आत्ताच्या आत्ता सांग, हो का नाही" म्हणून मी तुझ्यावर ओरडलो, आणि तू गप्प राहिलीस. म्हणून सोडलं.

जूनला परत नाव घालणार आहे. तुझ्या वर्गात आता बसता येणार नाही, तू पुढं गेलीस. तरी घालणार. मला मॅडमसारखा मास्तर व्हायचंय.

पाकिटात त्या बोरीचं पान घातलंय. ह्याच्यावर उत्तर मागत नाही. सगळ्या बाजूंनी बघ, एवढंच.

गप्प राहायला शिकायलेला,
अवधूत