न पाहता केलेली खूण

२ मे
मी एका औषध कंपनीच्या गोदामात साठा-पडताळणी अधिकारी आहे. वय पंचावन्न, शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी. पत्नीला जाऊन बारा वर्षे झाली. कुटुंबात आता मी आणि माझी मुलगी. बदलीमुळे कालच या गावी राहायला आलो. रोजनिशी सुरू करण्याचा हेतू एवढाच, की नव्या जागी काय केव्हा घडले याची नोंद असावी. पुढे वाद नको.

घर मनाजोगते मिळाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागे हातभर अंगण. सकाळचे ऊन थेट लिहिण्याच्या टेबलावर येते. न्हाणीघराबाहेरच्या बोळात माळा आहे. त्याला लाकडी दारे व बाहेरून कडी. रिकाम्या बॅगा तिथे चढवल्या आणि कडीला माझे कुलूप लावले. शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. सारी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी आल्याआल्या चहा पाठवला.

घरातली आणखी एक सदस्य म्हणजे मुलीचे मांजर. मुलीने तिचे नाव घुमी ठेवले आहे आणि ते तिला शोभते. दीड वर्षात मी तिचा आवाज चार वेळा ऐकला असेल. मुलगी नोकरीच्या गावी ज्या खोलीत राहते तिथे मांजर चालत नाही, म्हणून ती माझ्याकडे. पिलू असताना घुमी रस्त्याकडेच्या पाइपात तीन दिवस अडकली होती. मुलीने खांद्यापर्यंत हात घालून तिला ओढून काढले. तेव्हापासून ती मुलीखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नाही. माझ्या वाट्याला येतात ते पलंगाखालचे दोन पिवळे ठिपके आणि रिकामी वाटी. माझी तक्रार नाही. कचेरीतले निम्मे सहकारी याहून अधिक दर्शन देत नाहीत.

९ मे
गोदामात बस्तान बसले. माझा एकच नियम सर्वांना सांगितला: वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीवर खूण करायची नाही. खोक्यावर लिहिले आहे म्हणून ती खोक्यात आहे असे धरायचे नाही. एकतीस वर्षे मी हे पाळत आलो. हमालांचा मुकादम माझ्यामागे म्हणाला, की साहेब सकाळी आरशात बघून आधी स्वतःच्या नाकावर खूण करत असणार. ऐकू आले. राग आला नाही.

ताईचा फोन आला. नऊ दिवसांची रजा शिल्लक आहे, ती तिच्याकडे काढावी असा तिचा हट्ट. जायची इच्छा आहे. प्रश्न मांजराचा.

१२ मे
मांजरे ठेवून घेणारे एक वसतिगृह पाहून आलो. स्वच्छ आहे, पण पिंजऱ्यांवर पिंजरे. घुमी सोपवताना मुलीने एकच अट घातली होती: बाबा, काही करा, फक्त तिला कोंडू नका. तेव्हा वसतिगृह बाद. ताईकडे नेण्याचे विचारले, तर ती म्हणाली, मांजर आण नाहीतर वाघ आण, पण तू ये. मात्र तिच्याकडे कुत्रा आहे. तोही पर्याय बाद. प्राण्यांच्या डॉक्टरांचे मत असे पडले, की बुजऱ्या मांजराला तिच्या घरीच राहू द्यावे, कोणी येऊन वाटी भरावी आणि तिला हुडकत बसू नये. हे मला पटले.

१५ मे
सिस्टरनी आनंदाने होकार दिला. त्यांना अकरा सूचनांचा कागद दिला. चौथी सूचना अधोरेखित: मांजर दिसली नाही तरी शोधू नये, हाका मारू नयेत, कसला आवाज आला तरी मागे जाऊ नये, ती बुजते. सिस्टर चष्मा लावून वाचत गेल्या आणि म्हणाल्या, की अहो, ऑपरेशनच्या पेशंटलासुद्धा डॉक्टर एवढं लिहून देत नाहीत.

मुलीला सर्व कळवले. तिने लिहिले, बाबा, तुमच्यावर सोडलं म्हणजे मला काळजीच नाही.

१७ मे, प्रवासात
सकाळी सात वाजता माळ्यावरून बॅग काढली. ती भरण्यात, इस्त्रीत, कागदपत्रांत दोन तास गेले. नऊला टॅक्सीवाला भोंगा वाजवू लागला. निघतानाची यादी हातात होती: गॅस, नळ, खिडक्या, माळ्याचे कुलूप, मांजर. पहिल्या चारांवर प्रत्यक्ष हात लावून खूण केली. मांजर पलंगाखाली दिसली नाही. कपाटामागे बघायचे तर कपाट सरकवावे लागले असते, ती बिथरली असती, भोंगा थांबत नव्हता. सहाला भरलेली वाटी रिकामी होती. वाटी रिकामी, म्हणजे मांजर घरात. खूण केली.

खूण बरोबरच आहे. तरी नोंद ठेवतो, की पाहिले नव्हते.

१९ मे, ताईकडे
सिस्टरचा फोन आला. घुमी रोज वाटी चाटूनपुसून स्वच्छ करते. मात्र काल व आज न्हाणीघराच्या बाजूने धडपड ऐकू आली. जाऊन बघू का, असे त्या विचारत होत्या. मी त्यांना चौथ्या सूचनेची आठवण करून दिली. त्या हसून म्हणाल्या, की बरं बाबा, तुमच्या राणीसरकारांच्या वाटेला जात नाही मी.

ताईचा कुत्रा माझ्या पायाशी झोपतो. प्राणी माझ्याजवळ येतो याचे मला नवल वाटले, आणि सुख.

२६ मे
परतलो. घर जागच्या जागी. सिस्टर किल्ली देताना म्हणाल्या, की नऊ दिवस वाढलं, पण शेपटीचं टोक दिसलं नाही. एवढा भाव तर माझ्या जावयानंही खाल्ला नाही कधी. बोळात किंचित कुबट वास आहे. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे असावा. वाटी भरली. तासाभरात रिकामी झाली.

२९ मे
तीन दिवस कामाच्या गर्दीत बॅग तशीच पडली होती. आज सायंकाळी ती ठेवण्यासाठी माळ्याचे कुलूप काढले.

घुमी तिथे होती. दाराला लागून. बॅग काढली त्या दोन तासांत शिडी तशीच लावलेली होती आणि दारे उघडी, तेव्हा ती चढली असली पाहिजे, आणि कुलूप मी लावले, ओढून पाहिले, त्यावर खूण केली.

दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे आहेत. खालच्या फळीवरचे खोल. मी ते मोजू लागलो आणि मोजणे मला जमले नाही. १९ तारखेपर्यंत ती धडपडत होती. सिस्टर बघायला निघाल्या होत्या. मी नको म्हणालो.

जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिला अंगणात पुरले. माळा धुऊन काढला. सिस्टरना काही बोललो नाही. तेवढ्यात मुलीचा निरोप आला, घुमीचा फोटो पाठवा ना. मी गेल्या वर्षीचा पाठवला. तिने लिहिले, किती गुटगुटीत झालीय, लाड चाललेत वाटतं.

३० मे
काल ध्यानात न आलेली गोष्ट आज पहाटे ध्यानात आली. तेरा दिवस वाटी कोण रिकामी करत होते?

सवयीने मी आजही भरली. कचेरीतून आलो तो रिकामी.

३१ मे
उंदीर किंवा दुसरे मांजर असणार. शंका मिटवणे माझे कामच आहे. मांजराच्या खाद्याचे चाळीस ग्रॅम कोरडे दाणे मोजून वाटी पुढच्या खोलीत ठेवली. खोलीचा कानाकोपरा पाहिला. खिडक्यांना आतून कड्या. दार ओढून घेतले. दार आणि चौकट यांवर मिळून कागदाची पट्टी चिकटवली आणि सांध्यावर सही केली, जसे आम्ही गोदामाची खोली मोहोरबंद करतो.

चार तासांनी पट्टी अखंड. सही अखंड. वाटी रिकामी, आणि ओली.

२ जून
काल व आज वाटी भरली नाही. नसलेल्या मांजराला खाऊ घालणे हा वेडेपणा आहे असे ठरवले.

सायंकाळी सहापासून माळ्यावर ओरखडण्याचा आवाज. घाईचा नाही. थोडे ओरखडणे, मग थांबणे. कोणी येते का, ते ऐकत असल्यासारखे. शिडी लावून उघडले. आत बॅगा. खालच्या फळीवर एक ओरखडा ओला होता.

वाटी भरली. आवाज थांबला.

४ जून
सकाळी सातला अंघोळीस गेलो. बाहेरून कडी लागली. मी ती सरकताना ऐकली — सावकाश, पूर्ण, आणि नंतर ओढून पाहिल्यासारखा दाराला हिसका.

दीड तास दार ठोठावले. हाका मारल्या. घसा बसला. साडेआठला कडी निघाली. बाहेर कोणी नाही. उंबऱ्याशी वाटी.

सिस्टर फाटकाशी भेटल्या. धडपड ऐकू आली होती, हाक मात्र एकही नाही, म्हणाल्या. पण घुमीच असणार म्हणून नाही आले. चौथी सूचना तुमचीच ना?

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार.

५ जून
मुलीचा फोन. तिला नवी जागा मिळाली. तिथे मांजर चालते. रविवारी गाडी घेऊन येते आणि घुमीला नेते. फोनवर ती गुणगुणत होती.

सांगायची तीन वाक्ये कागदावर लिहून ठेवली होती. कागद समोर होता. मी म्हणालो, सावकाश गाडी चालव.

६ जून
खात्री केली पाहिजे. दुपारी अंगणात खणले. अभ्रा आहे. त्यात ती आहे. डोळ्यांनी पाहिले. पुन्हा माती लोटली.

हात धुऊन खोलीत आलो तर पलंगाखाली दोन पिवळे ठिपके —

ते माझ्याकडे बघत राहिले. ती घुमी असती तर मागे सरकली असती. हे पुढे आले.

७ जून, सकाळी नऊ
मुलगी आली. दारातच सांगणार होतो. तिने मला मिठी मारली, बाबा किती वाळलात म्हणाली, आणि थेट पलंगाशी जाऊन पालथी पडली. घुमे, अगं घुमे, मी आलेय.

आली. मुलगी उठून बसली तशी सरळ तिच्या मांडीवर.

मी दारात उभा होतो. ती तिच्या कानामागे खाजवत होती. हिच्या अंगाला माती कशी बाबा, अंगणात सोडता का, म्हणून रागावली. मग हसली. किती धीट झालीय, तुम्ही जादू केलीत.

तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी काही —

साडेदहा
टोपली मीच गाडीपर्यंत नेली. वजन नव्हते. रिकामी टोपली जेवढी असते तेवढेच. झाकणाच्या फटीतून ते माझ्याकडे बघत होते, आणि मुलगी काच खाली करून हात हलवत होती.

सांगता आले असते. एका वाक्याचे काम होते. त्याऐवजी मी हात हलवला. गाडी वळली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. हेही नोंदवतो. ते घरातून जात आहे एवढेच मी पाहिले. कोणाबरोबर जात आहे, ते मला दिसत होते, आणि मी —

अकरा दहा
निरोप आला. बाबा, ही टोपलीत सारखी ओरखडतेय, ऐकवत नाही. बिचारीला कोंडल्यासारखं होतंय. रस्त्याकडेला थांबलेय. काचा लावून गाडीतच मोकळी सोडते.

लिहिले, सोडू नको. पोचले नाही. पुन्हा लिहिले. फोन लावतो आहे —

अकरा सोळा
चार वेळा रिंग गेली. उचलत नाही.

सिस्टर फाटकातून विचारताहेत, काय झालं. त्यांना सांगितले. सगळे. माळा, कुलूप, अंगण. परक्या बाईला एका दमात सांगून झाले, आणि जिला —

लागला. उचलला तिने. बोलत नाही. पलीकडे काचेवर काहीतरी ओरखडते आहे. थोडे ओरखडणे, मग थांबणे —

बाळ, ऐक, मी सांगतो, दार उघड आणि बाहेर ये, ती घुमी नाही, घुमीला मीच —