ठकीच्या नावावर काही नाही

मी, सरकारी इस्पितळाच्या शिवणखोलीत उभी हयात घालवलेली बाई, हा कागद माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शरीर नाही, म्हणून घाई. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोडीगुलाबीही केलेली नाही. यापूर्वी एक मृत्युपत्र मी केले होते, ते रद्द समजावे. त्यात घर धाकटीला दिले होते.

१. मला दोन मुले. थोरला परगावी दुकान चालवतो. धाकटी माझ्याजवळ असते, तिला आम्ही ठकी म्हणतो. वयाने चाळिशीची, समजेने पाच-सहा वर्षांची. माझ्यामागे तिने कुठे राहायचे, एवढाच या कागदाचा खरा विषय आहे. बाकी सगळी भांडीकुंडी.

२. राहते घर, दोन खोल्या, मोरी आणि गळकी पन्हळ यांसह, थोरल्याला. घराचा कर थकलेला नाही, तो माफच झाला आहे. माफीच्या मोर्चात थोरला पहिल्या रांगेत होता. घरांचा कर गेला, दुकानांचा निम्मा झाला, त्या संध्याकाळी त्याने दारात फटाके लावले. म्हणाला, "आई, आता धंदा वाढेल. धंदा वाढला की सरकारकडे आपोआप पैसा येईल." मी म्हटले, "आपोआप फक्त दूध उतू जातं रे." तो हसला. माझ्या वाचलेल्या करात वर्षाला एक जोडी चपला येते. मी घेतल्याही, आणि चांगल्या निघाल्या, खोटे कशाला बोलू.

मग तुटीचे अंदाजपत्रक आले आणि ठकी रोज जायची ते सरकारी दिवसाचे केंद्र बंद झाले. तिथे ती इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालायची, कोपऱ्याला कोपरा लावून. तिच्यासारखी घडी मला जमली नाही. केंद्र बंद झाल्यावरही ती सकाळी डबा घेऊन दाराशी उभी राहायची. थोरल्या, तुझ्यावर राग नाही असे लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

३. शिवणयंत्र आणि मोठी कात्री सुनेला. ती खरे बोलली म्हणून. मी ठकीचे विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "आई, चार दिवस सांभाळीन. जन्मभर नाही व्हायचं माझ्याच्यानं." थोरला मात्र "बघू ना, होईल काहीतरी" म्हणत राहिला. त्याच्या "बघू"पेक्षा तिचा नकार मला उपयोगी पडला. निदान मी कल्याण कचेरीची वाट धरली.

४. इस्पितळाच्या भांडारपालाला काही देत नाही, त्याने मला पुष्कळ पिडले आहे. आर्थिक वर्ष संपत आले की धापा टाकत यायचा, "बाई, पडद्यांचा निधी उरलाय! परत गेला तर पुढच्या वर्षी कापतील. काहीही शिवा!" हातमोज्यांचे पैसे कधीच संपलेले असायचे, आणि पडद्यांच्या पैशांतून हातमोजे घेता येत नसत. म्हणून आमच्याकडे बाळंतपणाच्या खोलीत सुईणी उघड्या हातांनी काम करायच्या आणि जिन्याला, जिथे खिडकीच नाही तिथे, पडदा. मी मेल्यावर त्यातलाच एक माझ्यावर घालावा. कपाटात आहे, फुलाफुलांचा. त्या रकमेचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ दे.

५. आता मुद्द्याचे. ठकीसारख्यांसाठी राज्याची निवासे होती, काटकसरीत एकच उरले. कल्याण कचेरीतला कारकून माणूस वाईट नाही. त्याने दार लोटून घेतले आणि म्हणाला, "ताई, घर तिच्या नावावर केलंत तर ती मिळकतदार झाली. मिळकतदाराला आता निवासात जागा नाही, नवा नियम आहे."

"अहो, पण घर काही तिला जेवू घालणार नाही."

"ते मलाही कळतं. पण निराधार म्हणजे निराधार. नावावर काही म्हणजे काहीच दिसता कामा नये."

सबब, मी पूर्ण विचाराने लिहून देते की माझी मुलगी ठकी हिला मी घर, शिल्लक, दागिना, भांडे, यांपैकी काहीही देत नाही. तिचा माझ्या कशावरही हक्क नाही. हे वाक्य मी तीनदा खोडले आणि चौथ्यांदा ठेवले. कचेरीने एवढेच वाचावे. पुढचे थोरल्यासाठी आहे.

निवास मी पाहून आले आहे. रिकाम्या जागा भरायला बंदी असल्यामुळे अख्ख्या दालनाला एक बाई आहे, तीही दमलेली. तिथे ठकी सुखात राहील असे मला वाटत नाही. रस्त्यापेक्षा बरे, एवढेच. महिन्याला जाऊन ये. साबण ने, तेल ने, पावती तिच्या नावाने करू नकोस.

६. प्रवेशाआधी तपासणी होते. ज्याला स्वतःचे करता येते त्याला घरी पाठवतात, मग घर असो वा नसो. ठकीला बटणे लावता येतात, ती मी "लावून देणार नाही" असे बजावून शिकवली. तिला स्वतःचे नावही लिहिता येते. त्यासाठी मी माझी उमेदीची वर्षे घातली. पहिल्यांदा लिहिता आले तेव्हा तिने ते भिंतीवर, दारावर, माझ्या पदरावरही लिहिले होते. तपासणीचे साहेब तिच्यापुढे पेन ठेवतील. थोरल्या, तू त्या खोलीत थांबू नकोस. तू दिसलास तर ती हौसेने लिहील.

लिहून देणार: सही
साक्षीदार: फाटकासमोरचा डॉक्टर, सही. शेजारीण, सही. (साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणून कुंड्या तिला कालच दिल्या.)
ठिकाण: पुढची खोली
दिनांक: यंदाचे अंदाजपत्रक मांडले त्याचा दुसरा दिवस

सह्या झाल्यावर माझ्याच हाताने जोडते: शेजारीण सही करत असताना ठकी येऊन बसली. तिने पेन उचलले आणि समासात नावाचे पहिले अक्षर काढले, सुरेख. मी तिच्या हातातून पेन काढून घेतले. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आई, चुकलं?"

मी हो म्हटले.